सोय आहे, सांगणार कोण?

‘आता करण्यासारखे काही उरले नाही, घरी घेऊन जा,’ हे वाक्य आपल्याकडच्या हजारो कुटुंबांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या ऐकले आहे. सांगणारा डॉक्टर निर्दय असतो असे नव्हे. त्याच्या दारात रांग असते आणि आजार बरा करण्याचे उपाय खरोखरच संपलेले असतात. पण वाक्याचा पहिला भाग खरा नाही. आजार हटत नसला तरी वेदना कमी करता येते, धाप शमवता येते, जखमेची दुर्गंधी घालवता येते आणि रात्र रात्र जागणाऱ्या पत्नीला किंवा सुनेला रुग्णाची कूस कशी बदलावी हे शिकवता येते. या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ते शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचे नसतात. निदान झाल्यापासून मूळ उपचारांच्या जोडीने सुरू करायचे असतात.

यात नवे काही नाही. डॉ. सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले ते १९६७ साली. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देते. केरळात १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केले. पुढे तेथे शेजारपाजारची माणसेच प्रशिक्षण घेऊन घरोघर जाऊ लागली आणि २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

कोविडच्या काळात या कामाला फोनची जोड मिळाली. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले आणि डॉक्टरने फोनवर किंवा पडद्यावर रुग्ण पाहण्याला स्पष्ट चौकट मिळाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जीपमध्ये आडवे घालून गडचिरोलीहून नागपूरला नेणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. त्यातल्या काही फेऱ्या एका व्हिडिओ कॉलने वाचू शकतात. अर्थात पडद्याला मर्यादा आहेत. मॉर्फिनसारखी अमली औषधे दूरवरून लिहून देण्यास त्याच नियमांनी मनाई केली. आणि जखम धुवायला तर हातच लागतो. पण कोणते दुखणे घरी निभेल, कोणत्या दुखण्याला तातडीने न्यायला हवे, एवढे जाणत्या माणसाकडून कळले तरी घराचा धीर टिकतो.

मृत्यूनंतरच्या दुःखाचेही असेच आहे. दहाव्या-तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवशी चपलांचा ढीग नाहीसा होतो. बँकेत असताना मयत खातेदारांच्या दाव्यांचे टेबल काही वर्षे माझ्याकडे होते. फॉर्म भरून, सह्या होऊनही बायका उठत नसत. ‘काय झालं होतं यजमानांना?’ असे कोणी विचारले की पाऊण तास बोलत. त्यांना बोलायला जागा हवी होती आणि ती बँकेच्या काउंटरवर सापडत होती. आज ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. रात्री-अपरात्री, मराठीतून, पैसे न घेता बोलता येते. मन आजारीच असले पाहिजे अशी अट नाही. शोकाने झोप उडालेल्या माणसानेही तो नंबर फिरवावा.

किती घरांना तो ठाऊक आहे? दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा कराव्या लागतात. पैसा असतो, वारसही असतात. वारसांना माहिती मात्र नसते. ती मिळावी म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ हे संकेतस्थळ उघडले. परिहाराची ही सेवा अशीच बेवारस ठेव आहे. ज्याच्या नावावर ती जमा आहे त्यालाच तिचा पत्ता नाही.

येथे वृत्तपत्रांचे काम सुरू होते. आम्ही छापतो काय? ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’. या शब्दांत मेलेला माणूस हरलेला ठरतो आणि त्याची वेदना कोणी कमी केली का, हा प्रश्नच उरत नाही. दुसरीकडे असाध्य रोगांवर ‘खात्रीशीर इलाज’ सांगणाऱ्या जाहिराती अनेक पत्रांनी वर्षानुवर्षे छापल्या. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही. खोट्या आशेला जागा मिळते, खऱ्या दिलाशाला मिळत नाही.

मागणी मोठी नाही. रक्तपेढ्यांचे नंबर जसे छापतो तशी जिल्ह्यातल्या वेदना-उपचार केंद्रांची आणि दूरध्वनी सेवांची चौकट आठवड्यातून एकदा, ठरलेल्या पानावर छापावी. निधनवार्तांच्या खाली १४४१६ हे आकडे घालावेत. त्या पानावर डोळे लावून बसलेल्यांनाच ते हवे असतात. आकाशवाणीने शेतीच्या कार्यक्रमात पाच मिनिटे द्यावीत. आशाताईंच्या हातात साध्या मराठीतला एक कागद असावा. मॉर्फिन म्हणजे व्यसन, ही भीती तज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा लिहून घालवावी. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर रुग्णालयांनी या औषधाची इतकी धास्ती घेतली की वैद्यकीय वापर झपाट्याने घटला; २०१४ मध्ये कायदा सुधारला, मनातली धास्ती मात्र तशीच राहिली. आणि हे सगळे करताना मरणासन्न माणसाचे छायाचित्र छापण्याचा मोह टाळावा. प्रसिद्धी सेवेची हवी, यातनेची नको.

सेवा अपुरी असताना प्रसिद्धी केली तर लोकांची निराशाच होईल, असा आक्षेप येईल. तो अगदीच खोटा नाही. कित्येक तालुक्यांत एकही प्रशिक्षित परिचारिका नाही. परंतु लोक मागत नाहीत म्हणून सरकार देत नाही, आणि सरकार देत नाही म्हणून लोकांना मागायचे सुचत नाही, हे चक्र कुठून तरी तोडावे लागेल. केरळात ते सामान्य माणसांनी तोडले. जिल्हा रुग्णालयात जाऊन ‘येथे वेदनेवर उपचार कोण करते?’ असे विचारणारे दहा नातेवाईक एका महिन्यात उभे राहिले, तर अधिकाऱ्याला उत्तर शोधावे लागेल. हा प्रश्न विचारता येतो, एवढे वाचकाला कळवणे हे छापील कागदाच्या आवाक्यातले काम आहे.