पगारपत्रकालाही एक दिवस द्या

प्रति,
महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : उद्योजकता प्रशिक्षणात ‘कामगारांचा पगार’ या विषयाला स्वतंत्र दिवस देण्याबाबत.



१९८८ साली स्थापना झाल्यापासून आपली संस्था गावोगावच्या मुलामुलींना सांगत आली आहे की नोकरी शोधत बसू नका, चार जणांना नोकरी द्या. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझा लहानसा कारखाना आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग आम्ही जॉबवर्कने करून देतो. दर महिन्याचं पगारपत्रक मी स्वतः तपासतो. त्या कामातून जे कळलं त्यावरून आपल्याला एक विनंती करतो आहे, आणि विषय माझ्या एकट्याचा नसल्याने ती सर्वांसमोर करतो आहे.

आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात ‘कामगारांचा पगार’ या विषयाला पूर्ण एक दिवस मिळावा. प्रकल्प अहवाल, बँकेचं कर्ज, बाजारपेठ आणि जीएसटी यांना जेवढं महत्त्व आहे, तेवढंच याला असावं. नव्या उद्योजकाला मशीन निवडता येतं, दर काढता येतो, गिऱ्हाईक मिळवता येतं. पहिला कामगार ठेवला की मात्र तो शेजारच्या गाळ्यात विचारून येतो, ‘तुम्ही किती देता?’ तिथे जो आकडा कळतो, तोच त्याचा पगाराचा हिशेब होतो. पुढच्या बहुतेक अडचणी त्या एका आकड्यातून निघतात.

म्हणून आधी तो आकडा उलगडून पाहू. समजा एका ऑपरेटरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १५,००० रुपये ठरले. कारखान्याला भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) दोन्ही लागू आहेत. कामगाराच्या पगारातून १२ टक्के पीएफ म्हणजे १,८०० रुपये, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे ११३ रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये कापले जातात. त्याच्या हातात १२,८८७ रुपये पडतात. मालकाला आपल्या बाजूने पीएफचे १,८०० रुपये, विमा योजनेचे ७५, प्रशासकीय शुल्काचे ७५ आणि ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ४८८ रुपये भरावे लागतात. मालकाचा खर्च झाला १७,४३८ रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद, दिवाळीचा बोनस आणि भरपगारी रजा यांचा खर्च यात अजून धरलेलाच नाही.

कामगाराच्या हातात पडणारी रक्कम आणि मालकाचा खर्च यांत इथे ४,५५१ रुपयांचं अंतर आहे. एवढी रक्कम त्या एका माणसामागे दर महिन्याला सरकारी खात्यांत जमा व्हायला हवी. वीस माणसं असतील तर ९१,००० रुपयांच्या वर. महिनाअखेरीस गिऱ्हाईकाचं पेमेंट लांबलं, स्टीलवाल्याने तगादा लावला, की सगळ्यात आधी या रकमेवर हात पडतो. ती बँकेत शिल्लक दिसते, मागायला दारात कोणी उभं राहत नाही आणि ती भरायची पंधरा तारीख अजून लांब वाटते.

मला नव्या उद्योजकाला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं की कापलेला पैसा आपला नसतो. कामगाराने तो कमावला आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरण्यासाठी आपल्याकडे सोपवला. कायदाही त्याकडे असंच पाहतो. कामगाराच्या पगारातून पीएफ कापून तो न भरणं हा फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. उशिरा भरणाऱ्याला वर्षाला १२ टक्के व्याज आणि त्यावर दंडाची रक्कम भरावी लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कामगाराचा हिस्सा ठरलेल्या तारखेनंतर भरला, तर प्राप्तिकराच्या हिशेबात त्याची वजावट मिळत नाही. त्या निकालानुसार एक दिवस उशीर झाला तरी ती रक्कम मालकाचं उत्पन्न धरली जाई आणि तिच्यावर कर लागे.

दंडाच्या भीतीपेक्षा मोठं कारण कामगाराच्या घरात आहे. पीएफच्या जोडीला कामगाराला विमा आणि निवृत्तिवेतनही मिळतं, हे कितीतरी मालकांना आणि त्याहून जास्त कामगारांना माहीत नसतं. सभासद नोकरीत असताना दगावला तर विमा योजनेतून घरच्यांना ७ लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात. एका महिन्याचं योगदान भरलेलं असलं तरी त्याच्या पत्नीला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. ईएसआयमध्ये नोंद असलेल्या माणसाचा हात मशीनमध्ये सापडला, तर उपचार होतात आणि कामावर येता येत नाही तोवर वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो. नोंद नसेल, तर तोच खर्च आणि नुकसानभरपाई मालकाच्या अंगावर येते. ज्या लहान कारखान्यात नफाच जेमतेम निघतो, तो एका अपघातात बंद पडू शकतो. ‘सहा महिने टिकला की नाव घालू’ ही पद्धत म्हणूनच घातक आहे. अपघात माणसाचे सहा महिने भरायची वाट पाहत नाही.

याच्या उलट बाजूची अडचणही प्रशिक्षणात मोकळेपणाने मांडली पाहिजे. ‘साहेब, पीएफ नको, हातात द्या’ असं कामगार स्वतः म्हणतात. गावाकडे घर बांधायचं असतं, बहिणीचं लग्न असतं, परप्रांतातून आलेल्या मुलाला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे असतात. त्याचं म्हणणं त्याच्या जागी खरं असतं, तरी ते मान्य करायची मुभा मालकाला नाही. त्याच्यासमोर बसून सांगावं लागतं की तुझ्या १,८०० रुपयांच्या जोडीला मालकाचे १,८०० पडतात. त्यातले १,२५० निवृत्तिवेतनात जातात आणि उरलेले ५५० तुझ्या खात्यात. खात्यातल्या रकमेवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालं. दहा वर्षांची सेवा झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क येतो. मोबाइलवर पासबुक उघडून दाखवलं की बहुतेकांचा आग्रह मावळतो. हे समजावणं मालकाच्या कामाचा भाग आहे आणि ते शिकवता येतं.

पळवाटांविषयीही तिथे स्पष्ट बोलायला हवं. पीएफला वीस माणसांची मर्यादा आहे म्हणून पटावर एकोणीसच ठेवायची, विसावा आला की पत्नीच्या नावाने दुसरी फर्म काढायची, मूळ पगार नाममात्र दाखवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायचं, हे सल्ले वसाहतीत सहज मिळतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. भत्त्यांचा जुना मार्ग त्यामुळे अरुंद झाला आहे. नेमणूकपत्र आणि पगारपावती देणं बंधनकारक झालं आहे. कामगार सोडून गेला किंवा त्याला काढलं, तर त्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. ‘फुल अँड फायनल’साठी माणसाला तीन-तीन महिने हेलपाटे घालायला लावणाऱ्यांना आता सवय बदलावी लागेल.

पगारात चूक होते ती टक्केवारीत क्वचित, बहुतेक वेळा हजेरीत. खाडे किती, अर्धे दिवस किती, साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तेव्हा बदली सुट्टी दिली का, जादा वेळेची ओटी सिंगल की डबल, हे सगळं हजेरीपटावर त्याच दिवशी लागलं नाही तर महिनाअखेरीला आठवणीवर हिशेब होतो आणि वाद उभा राहतो. जादा वेळेचा मोबदला दुप्पट दराने द्यायचा हा कायदा आहे. ‘आमच्याकडे सिंगलच चालतं’ हे सांगून तो टाळता येत नाही. उचलीचंही तसंच. दिलेली उचल, कधी दिली, किती हप्त्यांत फिटणार, हे लिहून कामगाराची सही घेतली तर दोघांचीही सोय होते. आणि काही झालं तरी एकूण कपात वेतनाच्या निम्म्यावर जाऊ द्यायची नाही.

बारीक गोष्टी तर आणखी आहेत. व्यवसाय कर फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापायचा असतो. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही, तरी जुन्या एक्सेल पत्रकातून त्यांचे पैसे कापले जात राहतात. जून आणि डिसेंबरात कामगार कल्याण निधी येतो. आधारवर नाव ‘बाळासो’ आणि पीएफला ‘बाळासाहेब’ असेल, तर नोकरी सुटल्यावर त्या माणसाचा दावा अडकतो. भरती करताना पाच मिनिटं देऊन आधार, बँक खातं आणि यूएएन हा पीएफचा क्रमांक जुळवून घेतलं, तर पुढचे त्याचे हेलपाटे वाचतात. आधीच्या नोकरीतला यूएएन असताना नवा काढू नये, ही साधी गोष्टही नव्या मालकाला कोणीतरी सांगावी लागते.

पैसा वेळेवर नसतो ही लहान उद्योजकाची तक्रार खरी आहे. मोठी गिऱ्हाईकं ६० आणि ९० दिवसांनी पैसे देतात आणि वेतन मात्र महिना संपल्यावर सात तारखेच्या आत द्यायचं असतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायला सांगितलं आहे. नव्या उद्योजकाला तो हक्क मागायला शिकवाच. पण येणं थकलं म्हणून देणं थांबवता येणार नाही, हेही त्याच तासाला सांगा. मी पगाराचं खातं वेगळं ठेवलं आहे. गिऱ्हाईकाचं पेमेंट आलं की त्यातला ठरलेला भाग त्या खात्यात जातो आणि पगार व चलनांशिवाय त्यातून एक रुपयाही निघत नाही. दोन महिन्यांचा पगार तिथे साठेपर्यंत नवं मशीन घ्यायचं नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम आहे. विहिरीत पाणी किती हे बघून ऊस लावावा, तसं हे आहे.

व्यवहार चोख ठेवणाऱ्याला सरकारी योजनेचा लाभही मिळतो. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात तयार होणाऱ्या नव्या नोकऱ्यांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आहे. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने किमान दोन जादा माणसं घेऊन टिकवली, तर प्रत्येकामागे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन मिळू शकतं. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या मुलालाही दोन हप्त्यांत १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. हे सगळं पीएफच्या नोंदीवर चालतं. ज्याच्या पटावर माणसंच नाहीत, त्याला यातलं काही मिळणार नाही.

आता नेमक्या मागण्या मांडतो.

पहिली, त्या एका दिवसात व्याख्यानं कमी आणि काम जास्त असावं. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने दहा माणसांच्या हजेरीवरून स्वतःच्या हाताने पगारपत्रक तयार करावं, पीएफ आणि ईएसआयची चलनं कशी निघतात ते पाहावं, एका नोकरी सोडणाऱ्या माणसाचा अखेरचा हिशेब काढावा.

दुसरी, मराठीतल्या पगारपावतीचा आणि नेमणूकपत्राचा एक सोपा नमुना आपण तयार करून सर्वांना खुला करावा. काय कापलं, कशासाठी कापलं आणि मालकाने आपल्याकडून किती भरलं, हे कामगाराला त्याच्या भाषेत वाचता आलं पाहिजे.

तिसरी, त्या दिवशी पीएफ आणि ईएसआय कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना बोलवावं, आणि त्यांच्या शेजारी एका कामगारालाही बसवावं. पगार दहा दिवस लांबला की घरात काय होतं, हे नव्या मालकाने त्याच्या तोंडून ऐकावं. वर्षभराच्या तारखांचं वेळापत्रक आपल्या ‘उद्योजक’ मासिकातून दर वर्षी छापून यावं.

चौथी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बँकेसाठी जो प्रकल्प अहवाल तयार होतो, त्यात पगाराच्या रकान्यात बहुतेकदा माणसाचा नुसता ठरलेला पगार लिहिला जातो. तिथे पूर्ण खर्च लिहायला शिकवा: मालकाचं योगदान, बोनस, ग्रॅच्युइटी, रजा, सगळं धरून. १५,००० च्या माणसाचे १५,००० धरून जो धंदा फायद्यात दिसतो, तो खऱ्या खर्चावर कदाचित उभाच राहत नसेल. हे त्या तरुणाला कर्ज उचलण्याआधी कळलं, तर तो दर वाढवून मागेल, माणसं कमी घेईल किंवा दुसरा धंदा निवडेल. कर्ज घेतल्यावर कळलं, तर ही तूट तो कामगाराच्या पगारातून भरून काढेल. आज लहान उद्योगांत पीएफ आणि ओटीच्या ज्या तक्रारी दिसतात, त्यांतल्या कितीतरी अशाच चुकीच्या रकान्यातून सुरू झालेल्या असतात, आणि तो रकाना दुरुस्त करणं आपल्या हातात आहे.

त्या एका दिवसासाठी वसाहतीतला माझा कारखाना, माझी कोरी पत्रकं आणि माझा वेळ आपल्या कोल्हापूरच्या तुकड्यांसाठी मोकळा आहे. जिल्ह्याजिल्ह्यातले अनेक उद्योजक असाच हातभार लावतील याची मला खात्री आहे. येत्या प्रशिक्षण वर्षापासून सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक