पाळी थांबली, साखर कोण पाहणार?

चाळिशी ओलांडलेल्या बाईचे पोट सुटू लागले की घरातले निदान ठरलेले असते : खाणे वाढले, काम कमी झाले. बाईही ते मुकाट्याने मान्य करते आणि रात्रीची पोळी सोडते. तिच्या अंडाशयाचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक केवळ पाळी आणि गर्भधारणेपुरते नसते. चरबी कुठे साठवायची, हे ठरवण्यातही त्याचा वाटा असतो. त्याचा अंमल असेपर्यंत ती मुख्यतः नितंब व मांड्यांवर साठते. तिथे ती तुलनेने निरुपद्रवी असते. पाळी थांबली की ती पोटात, आतड्यांभोवती जमू लागते. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात जातात, पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात आणि साखर चढते. वजनाचा काटा फारसा न हलताही हे घडू शकते. पुरुषांतही टेस्टोस्टेरॉन घटले की पोट वाढते आणि पोट वाढले की ते आणखी घटते.

भारतीय बाईची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. शस्त्रक्रिया झाली तर त्याहूनही आधी. बीड जिल्ह्यात २०१९मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत ऊसतोडणीच्या कामावरील ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्यासोबत अंडाशयही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. अशा बाईची साखर पुढे कोण पाहणार, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागेच राहिला.

म्हणून सरसकट हार्मोनच्या गोळ्या द्याव्यात, असे नाही. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या स्त्रियांत मधुमेह कमी आढळला; पण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढल्याने २००२मध्ये ती मुदतीपूर्वी थांबवावी लागली. उपाय साधा हवा. पाळी थांबल्याचे कळताच कंबरेचे माप आणि उपाशीपोटीची साखर पाहिली जावी. कंबर ८० सेंटिमीटरवर गेली, तर आहारासोबत स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितला जावा.

गरोदर बाईचे हिमोग्लोबिन आणि रक्तदाब नोंदवण्याची शिस्त आपल्या आरोग्य केंद्रांनी अंगी बाणवली आहे. मूल होण्याचे वय सरले की तीच बाई त्या वहीतून गळते. तिच्यापुढे मात्र अजून पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य उरलेले असते.