खाजगी आणि लपवलेले

प्रेम चोरटे असले की त्याची गोडी वाढते, हा आपल्या साहित्याचा जुना समज. ‘संकेतस्थळ’ हा शब्द आज आपण संगणकाला देऊन टाकला असला, तरी मुळात तो प्रेमिकांच्या ठरलेल्या, गुप्त भेटीच्या जागेचा. ‘गाथासप्तशती’पासून लावणीपर्यंत या गुप्ततेचे कौतुक झाले आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र सगळी गुपिते एका जातीची नसतात, एवढेच आम्हांला येथे सांगायचे आहे.

निमित्त आहे कॅनडातील लेखिका रेचेल रीड यांच्या कादंबऱ्यांचे. ‘गेम चेंजर’ (2018) आणि ‘हीटेड रायव्हलरी’ (2019) यांवरून नोव्हेंबर 2025मध्ये एक मालिका आली आणि जगभर गाजली. बर्फावरच्या हॉकीतले व्यावसायिक खेळाडू आणि त्यांची पुरुषांवरची, वर्षानुवर्षे लपवलेली प्रेमे हा तिचा विषय. चोरून भेटण्यातली हुरहूर प्रेक्षकांना भावली. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. ‘गेम चेंजर’मधला किप ज्यूसच्या दुकानात काम करणारा साधा तरुण. त्याला स्वतःविषयी लपवण्यासारखे काहीच नाही. परंतु ज्याच्यावर प्रेम जडले तो संघाचा नामवंत कप्तान, म्हणून किपलाही दाराआड राहावे लागते. गुपित एकाचे, कोंडी दोघांची!

यावर एक आक्षेप हमखास येतो : खेळाडूचे खाजगी आयुष्य आपल्याला कशाला हवे? आक्षेप प्रामाणिक आहे, पण अर्धवट आहे. क्रिकेटपटूंच्या लग्नांची छायाचित्रे आपण आवडीने पाहतोच. तेव्हा खाजगीपणाचे स्मरण कोणाला होत नाही. खाजगी ते, जे सांगणे न सांगणे आपल्या मर्जीवर असते. लपवलेले ते, जे उघड झाले तर आपले काहीतरी हिरावले जाईल. दोहोंतला फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. जे लपवावे लागते, त्याचा धाक घालता येतो.

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये (1981) मित्राचे नमावरचे प्रेम असेच इतरांच्या हातचे हत्यार होते. ती केवळ नाटकातली गोष्ट राहिली नाही. धावपटू दुती चंद यांनी मे 2019मध्ये एका स्त्रीवरचे आपले प्रेम जाहीर केले, तेव्हा घरातूनच धमकावून पैसे मागितले जात होते, असे त्यांनी सांगितले होते. बोलून टाकताच त्या धमकीची धार गेली. याउलट ब्रिटनच्या महिला हॉकी संघातील केट आणि हेलन रिचर्डसन-वॉल्श. 2013मध्ये त्यांनी लग्न केले आणि 2016मध्ये रिओ ऑलिंपिकचे सुवर्णपदक एकाच संघातून जिंकले. त्यांचे नाते सर्वांना ठाऊक होते, म्हणूनच ते खऱ्या अर्थाने खाजगी राहू शकले.

आमच्या महाड-पोलादपूरकडे मैदान म्हटले की कबड्डी. चढाईत कच खाणाऱ्याला ‘बांगड्या भर’ असे ओरडून सांगण्याची रीत आपल्याला परकी नाही. त्यात स्त्रियांचा अपमान तर आहेच, शिवाय ‘मर्दपणा’च्या ठरीव साच्यात न बसणाऱ्या प्रत्येक खेळाडूला दिलेली ती ताकीदही आहे. तिच्या धाकाने कोण काय गिळून बसला असेल, हे प्रेक्षकांतून दिसत नाही.

कायदा बदलला की धाक जातो, असे मानण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी मात्र अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला. महाडकरांना कागद आणि काठ यांतले अंतर समजावून सांगायला नको. चवदार तळे नगरपालिकेने 1924मध्ये ठरावाने सर्वांना खुले केले, तरी पाण्याला हात लागला तो 20 मार्च 1927ला आणि न्यायालयीन लढा 1937पर्यंत चालला. रात्री चोरून ओंजळभर पाणी घेतले असते, तरी तहान भागली असती. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह भरदिवसा तळ्यावर गेले, कारण प्रश्न तहानेचा नव्हता, माणूस म्हणून उघडपणे वावरण्याचा होता. जातीचे दुःख आणि हे दुःख एक नव्हे. त्यांची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु जे चोरून मिळते तो हक्क नव्हे, हा धडा याच गावाने दिलेला आहे.

खेळाडूंनी उठून कबुल्या द्याव्यात, अशी आमची मागणी नाही. तीही एक जबरदस्तीच ठरेल. बोलायचे की नाही, हे त्यांनीच ठरवावे. मात्र बोलल्यावर संघातली जागा, घर आणि गाव शाबूत राहील एवढी हमी प्रशिक्षकांनी, पालकांनी आणि आम्हां शिक्षकांनी द्यायला हवी. चोरट्या प्रेमाची गोडी वाचकाला लागते. तिची किंमत मात्र दुसराच कोणी मोजत असतो.