विश्लेषण : पोकरमध्ये दोन एक्के हातात असूनही हार का होते?

हातात दोन एक्के किंवा दोन बादशाह आले की खेळाडू डाव जिंकल्याच्या थाटात बसतो. पण डावात चार-पाच जण टिकून असतील, तर हीच जोडी सर्वांत महागात पडू शकते. असे का होते?

ओव्हरपेअर म्हणजे काय?

टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात आणि टेबलावर पाच सामाईक पाने उघडतात. आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर). या सात पानांतून ज्याची पाच पाने सरस, तो जिंकतो. हातातली जोडी टेबलावरच्या प्रत्येक पानापेक्षा मोठी असेल, तर ती ओव्हरपेअर.

दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. तीन पत्तीत वाटलेली पाने शेवटपर्यंत तीच राहतात. होल्डेममध्ये मात्र प्रत्येक नव्या पानासरशी समोरच्याचा हात सुधारू शकतो. आपली जोडी बहुतेक वेळा जोडीच राहते.

आकडे काय सांगतात?

दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात. सर्व पाने उघडेपर्यंत डाव चालला, तर कोणतीही पाने असलेल्या एका प्रतिस्पर्ध्यासमोर ते सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. दोघांसमोर हे प्रमाण ७३ टक्के, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६ आणि पाच जणांसमोर ४९ टक्क्यांवर येते. म्हणजे पाच जण शेवटपर्यंत थांबले, तर पोकरमधला सर्वोत्तम हातही निम्म्याहून थोडा जास्त वेळा हरतो!

एक उदाहरण घेऊ. तुमच्याकडे काळे बादशाह आहेत. फ्लॉपवर बदाम नव्वी, बदाम अठ्ठी आणि किलवर दुर्री. एकाकडे बदामाचा एक्का आणि पंजी, दुसऱ्याकडे इस्पिकचे गुलाम आणि दश्शी. या क्षणी तुम्ही पुढे आहात. दोघांपैकी कोणीही एकटा समोर असता, तरी पारडे तुमचेच जड होते. पण दोघे एकत्र असताना कोणतेही बदाम, एक्का, राणी किंवा सत्ती तुम्हाला मागे टाकू शकते. न उघडलेल्या ४३ पानांपैकी अशी १८ पाने आहेत. दोन्ही पाने सुखरूप निघण्याची शक्यता जेमतेम तीनात एक. आणि कोणाकडे नव्वीची जोडी असून फ्लॉपवर त्याची तीन नव्वी जमली असतील, तर तुम्ही दहातून एकदाही जिंकणार नाही.

मग खेळायचे कसे?

पहिले काम फ्लॉपच्या आधीचे. मोठी जोडी आली की ‘सगळ्यांना येऊ दे, पॉट मोठा होईल’ हा मोह टाळावा. भरघोस रेझ करून गर्दी कमी करावी. लहान जोडीवाल्याला फ्लॉपवर तिसरे पान साधारण आठ-नऊ वेळांतून एकदा मिळते. त्याला स्वस्तात फ्लॉप दाखवणे म्हणजे आपल्याच पैशांवर त्याला लॉटरीचे तिकीट काढून देणे.

तरीही तिघे-चौघे आलेच, तर टेबल पाहावे. राणी, सत्ती, दुर्री अशी विखुरलेली, वेगवेगळ्या रंगांची पाने असतील, तर पैसे लावावेत. लहान जोडीवाले काही काळ सोबत येतात. लागोपाठची किंवा एकाच रंगाची पाने असतील, तर पॉट आवरता ठेवावा. उरलेल्या चिप्स पॉटच्या दुप्पट-तिप्पट असतील, तर माघार घेण्यात फारसा अर्थ नसतो. त्या दहापट असतील, तर एका जोडीवर सगळे पणाला लावणे धोक्याचे.

सर्वांत मोठी खूण म्हणजे समोरच्याचा रेझ. गर्दीत थापा कमी चालतात, कारण एकाच वेळी सगळ्यांना घाबरवणे कठीण असते. त्यामुळे चौघांत एकाने रेझ केला आणि दुसऱ्याने त्यावर पुन्हा चढवला, तर बादशाह खाली ठेवावेत.

कौशल्याचा दावा इथेच तपासा

पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, असे त्याचे समर्थक सांगतात. संसदेने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य आणि नशीब असा भेद केलेला नाही. त्या वादात दोन्ही बाजू असतील. पण माझ्या मते, खेळाडूने कौशल्याचा दावा आधी स्वतःपुरता तपासावा. एक्के उचलून पैसे लावायला कौशल्य लागत नाही. चार जण डावात असताना तेच एक्के मुकाट्याने खाली ठेवायला लागते.

अडचण गणिताची नाही, हक्काच्या भावनेची आहे. ‘इतक्या वेळाने चांगली पाने आली, आता जिंकायलाच हवे’ असे वाटू लागले की माणूस समोरचे पाहणे सोडतो. हरल्यावर नशिबाला बोल लावतो आणि गेलेले वसूल करायला पुन्हा बसतो. खिसा रिकामा होतो तो याच टप्प्यावर. चांगली पाने जिंकण्याची शक्यता देतात, हमी देत नाहीत. हे पटत नसेल, तर पैसे लावून टेबलावर न बसणे हाच शहाणपणा.