उकिरड्यात विष नको

वैशाखाचे ऊन तापू लागले म्हणजे खेड्यापाड्यांतून उकिरडे उपसण्याचे काम सुरू होते. वर्षभर साठलेले खत शेतात पसरताना अलीकडे एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. खताच्या ढिगातून विजेरीचे गंजलेले सेल, फुटलेल्या ट्यूबलाइटच्या काचा, घड्याळातील व खेळण्यांतील लहान बॅटऱ्या बाहेर पडतात. खत पसरणारा माणूस त्या पायाने बाजूस सारतो आणि काम पुढे चालू राहते. ही बाब क्षुल्लक मानण्याचे दिवस आता संपले आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या वाडवडिलांचा उकिरडा निर्धोक होता, कारण त्यांच्या घरात न कुजणारी वस्तू क्वचितच येत असे. शेण, राख, पालापाचोळा, उष्टेखरकटे हे सारे मातीतून आले आणि मातीत गेले. आज शेतकऱ्याच्या घरी विजेरी आहे, बॅटरीवर चालणारा फवारणी पंप आहे, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणाला जोडलेले झटका यंत्र आहे, ट्रॅक्टर आहे, इन्व्हर्टर आहे. ही साधने कष्ट हलके करणारी आहेत. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. परंतु त्यांच्या पोटातील शिसे, पारा व कॅडमियम यांसारखे धातू कुजत नाहीत. एकदा मातीत मिसळले की ते पिढ्यान् पिढ्या तेथेच राहतात.

शिशाचेच उदाहरण घ्या. ट्रॅक्टरच्या बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते, आणि उरलेल्या भागात गंधकाचे तीव्र आम्ल असते. अशी निकामी बॅटरी पुष्कळदा गोठ्याच्या भिंतीशी टाकलेली दिसते. पेटी फुटली म्हणजे गुरे आतील पट्ट्या चाटतात. मग जनावर आंधळ्यासारखे धडपडते, दात खाते, त्यास झटके येतात आणि अनेकदा ते दगावते. जे जगते त्याच्या दुधातही शिसे उतरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस तर शिशाचे अत्यल्प प्रमाणही बाधक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

दिव्यांची गोष्ट निराळी नाही. आज घरोघरी एल.ई.डी. दिवे आले असून त्यांत पारा नसतो. परंतु जुने सी.एफ.एल. दिवे आणि ट्यूबलाइट आता निकामी होऊन बाहेर पडत आहेत, आणि त्या प्रत्येकात काही मिलिग्रॅम पारा असतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली जो दुर्धर आजार प्रथम नोंदला गेला, त्याचे मूळ कारखान्याच्या सांडपाण्यावाटे माशांत शिरलेल्या पाऱ्यात निघाले. त्या गावाचे नाव धारण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने २०१८ साली मान्यता दिली. एका दिव्यातील पारा अल्प खरा. पण गावातील सर्व घरांचे दिवे एकाच ओढ्याकाठी फुटत राहिले तर तो अल्प राहत नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘सेलमध्ये जस्त असते, आणि जस्त तर आम्ही पिकाला देतोच.’ हा युक्तिवाद फसवा आहे. झिंक सल्फेट आपण माती तपासून, मापून देतो. सेलमधील धातूंना माप नाही, आणि जस्ताबरोबर आणखी काय जमिनीत गेले हेही कोणी पाहत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहता हा कचरा म्हणजे संपत्ती आहे. शिसे पुनःपुन्हा वितळवून नवीन बॅटरीत वापरता येते. म्हणूनच भंगारवाला तिचे रोख पैसे देतो. परंतु ती बॅटरी कोठे जाते, हे विचारण्याचा आपला धर्म आहे. उघड्यावर पेटी फोडून, आम्ल जमिनीवर ओतून शिसे वितळविणाऱ्याच्या हाती ती गेली, तर आपल्या दारचे विष आपण केवळ दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकले असे होईल.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवण्याचे कर्तव्य ग्राहकावर. कायदा चांगला आहे. पण शहरातील संकलन केंद्रापर्यंत चार सेल घेऊन कोणता शेतकरी जाईल? आमच्या मते संकलनाची जागा शेतकऱ्याच्या रोजच्या वाटेवर हवी. दूध संकलन केंद्र, विविध कार्यकारी सोसायटी, कृषी सेवा केंद्र, शाळा या ठिकाणी झाकणाची एकेक पेटी ठेवावी. ग्रामसभेने तसा ठराव करावा, आणि साठलेला माल अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पोचविण्याची मागणी विक्रेत्यामार्फत उत्पादकाकडे करावी. जो दुकानदार नवीन बॅटरी विकतो त्यानेच जुनी परत घ्यावी, हा आग्रह ग्राहकाने धरला पाहिजे.

तोवर घरात एवढे पथ्य पाळावे. निकामी सेल मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कोरड्या डब्यात ठेवावेत. त्यांची टोके चिकटपट्टीने झाकावीत. मोबाईलच्या फुगलेल्या बॅटऱ्या टोचू वा ठेचू नयेत, त्या पेट घेतात. मोठी बॅटरी उभी ठेवावी व तिच्यातील आम्ल कदापि ओतू नये. दिवे खोक्यात जपून ठेवावेत. एखादा फुटलाच तर दारे-खिडक्या उघडून काही वेळ बाहेर थांबावे. नंतर झाडू न लावता जाड कागदाने तुकडे उचलून झाकणाच्या बरणीत भरावेत. यांपैकी काहीही चुलीत वा उकिरड्यात टाकू नये.

उकिरडा हे जमिनीचे ताट आहे. ज्या ताटातून आपली काळी आई जेवते आणि मग आपल्याला जेवू घालते, त्यात आपण काय वाढतो याचा विचार प्रत्येक शेतकरी कुटुंबाने करावा. येत्या वैशाखात उपसलेल्या खतात एकही सेल सापडू नये, असा निश्चय आजच करू या.