मांडव आपला, नवरदेव परका

पुण्याजवळच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील क्रीडासंकुलात २०१८ साली पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा आली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. चेन्नईने १९९७ पासून २०१७ पर्यंत सांभाळलेला हा मान ‘महाराष्ट्र ओपन’ या नावाने आपल्या दारी आला होता. दक्षिण आशियात त्या दर्जाची दुसरी स्पर्धा नव्हती. २०२३ नंतर ती पुण्यातून गेली आणि पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. माझ्या मते स्पर्धा गेली याचे दुःख करण्यापेक्षा, ती येथे असताना एकेरीत आपले कोण होते, हे विचारणे अधिक अगत्याचे आहे.

विजेत्यांची यादीच पाहा. २०१८ साली फ्रान्सचा जील सिमाँ, २०१९ साली दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन, २०२० साली चेक प्रजासत्ताकाचा यिरी व्हेसेली. २०२१ साली महामारीमुळे स्पर्धा झाली नाही. २०२२ साली पोर्तुगालचा जोआओ सूझा आणि २०२३ साली नेदरलँड्सचा टॅलन ग्रीक्सपूर. या पाच स्पर्धांत एकेरीच्या अंतिम सामन्यात एकही भारतीय उभा राहिला नाही. मांडव आपण घातला, वऱ्हाडी आपण झालो, नवरदेव मात्र दर वेळी परका!

कोणी म्हणेल, दुहेरीत आपण जिंकलो की! खरे आहे. २०१९ साली रोहन बोपण्णा व दिविज शरण यांनी आणि २०२२ साली बोपण्णा व रामकुमार रामनाथन यांनी दुहेरीचे विजेतेपद मिळवले. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण एकेरीचे पाणी वेगळे. कबड्डीत चढाई करणारा गडीही एकटाच जातो. परंतु मध्यरेषेच्या अलीकडे त्याचे सहा सोबती उभे असतात. एकेरीत मागे वळून पाहावे तर कोणी नाही. पुण्यातल्या पहिल्या काही स्पर्धांच्या वेळी तर सामना चालू असताना प्रशिक्षकाने सूचना देण्यासही बंदी होती. २०१९ चा अंतिम सामना आठवावा. एकोणचाळीस वर्षांचा, जवळजवळ सात फूट उंचीचा इव्हो कार्लोव्हिच अँडरसनशी झुंजला. तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले आणि अवघ्या दोन-चार गुणांच्या फरकाने तो हरला. त्या गुणांचा हिशेब त्याचा त्यालाच द्यावा लागला. अशा खेळात टूरवरील एकेरीचे विजेतेपद मिळवणारा शेवटचा भारतीय लिअँडर पेस, आणि तेही अमेरिकेतील न्यूपोर्टला, १९९८ साली!

याचे कारण आपल्या मुलांत दम नाही, हे मी मानत नाही. पुण्याच्या स्पर्धेत एकेरीत अठ्ठावीस खेळाडू असत. बहुतेक आपल्या क्रमवारीच्या बळावर येत, चार जण पात्रता फेरीतून येत, आणि तीन जागा ‘वाइल्ड कार्ड’ म्हणून आयोजकांच्या हाती असत. २०२३ साली अशीच एक जागा पुण्याच्या मानस धामणे या अवघ्या पंधरा वर्षांच्या मुलाला मिळाली. पहिल्याच फेरीत अमेरिकेच्या मायकेल मो याच्याकडून तो २-६, ४-६ असा हरला. त्याला जागा दिली हे योग्यच झाले. पण तो तेव्हा शिकत कोठे होता? इटलीत, रिकार्डो पियाटी यांच्या केंद्रात! पुण्याच्या मुलाला पुण्यात खेळण्यासाठी इटलीहून यावे लागले, यातच सारे आले. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

त्या इटलीचेच उदाहरण घेऊ. २०१९ साली बेर्गामो या गावी दुय्यम दर्जाची एक ‘चॅलेंजर’ स्पर्धा झाली. सतरा वर्षांच्या यानिक सिनरला तेथे वाइल्ड कार्ड मिळाले आणि त्याने ती स्पर्धा जिंकली. २०२४ च्या जूनमध्ये तो जगात पहिल्या क्रमांकावर होता. घरच्या लहान स्पर्धेत मिळालेली संधी अशी फळते, कारण तेथे जिंकण्याची आशा असते. मोठ्या स्पर्धेचे वाइल्ड कार्ड हे पंगतीतले पाहुण्याचे पान आहे. लहान स्पर्धा ही रोजची भाकरी आहे.

म्हणून पुण्यात २०२४ साली मोठ्या स्पर्धेऐवजी ‘महा ओपन चॅलेंजर’ झाली, याला मी अधोगती म्हणणार नाही. ती जिंकली मोनाकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने. फारसे कोणाला त्याचे नाव ठाऊक नव्हते. २०२५ साली क्रमवारीत २०४ व्या स्थानावर असलेल्या याच व्हाशेरोने शांघायची मास्टर्स स्पर्धा जिंकली आणि वाटेत जोकोविचलाही हरवले! पायऱ्या चढूनच माणूस गच्चीवर जातो. विजेत्याला पंधरा, पंचवीस, शंभर गुण देणाऱ्या स्पर्धा याच त्या पायऱ्या होत. त्या नागपूर, अमरावती, अकोला येथे जितक्या होतील तितके आपल्या मुलांचे रेल्वेचे व विमानाचे भाडे वाचेल. टेनिसचे नियम गरीब-श्रीमंत पाहत नाहीत, पण जाळीपर्यंत पोहोचण्याचा खर्च नक्कीच पाहतो.

कारंजा तालुक्यातल्या कामरगावात बसून या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. मित्रहो, वऱ्हाडाला खेळाचे वावडे कधीच नव्हते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आपल्या मातीतली माणसे तेव्हा बर्लिनपर्यंत गेली. आज टेनिसचे नाव काढताच ‘तो साहेबांचा खेळ’ म्हणून आपणच माघार का घ्यावी?

एकेरीचे मैदान ७८ फूट लांब व २७ फूट रुंद असते. भोवती पळण्यापुरती जागा हवी. आपली काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा मुरूम टाकून रोलर फिरवावा लागेल. हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिराच्या आवाक्याबाहेरचे नाही. अठराव्या वर्षी रॅकेट हाती धरून आपल्यापैकी कोणी व्यावसायिक खेळाडू होणार नाही, हे मी जाणतो. पण त्या मैदानावर संध्याकाळी गावातली आठ-दहा वर्षांची मुले-मुली येतील. आपल्या प्राध्यापकांनी व विद्यार्थी मंडळाने याचा विचार करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

मोठी स्पर्धा आणायला सरकार आणि उद्योगपती लागतात. पहिली पायरी बांधायला मात्र मुरूम, रोलर आणि चार जणांची इच्छा पुरते. ती पायरी आपण बांधू या. मांडवाचे पुढे पाहता येईल.