डोळ्यातली गाठ : ‘आमच्या घरात हे कसे?’

मुलाच्या डोळ्याच्या खोबणीत ‘सिस्टिसर्कोसिस’ची गाठ आहे आणि ती डुकराच्या टेपवर्मची, म्हणजे चपट्या लांब जंताची, असे डॉक्टर सांगतात तेव्हा आईवडील चमकतात. "आमच्या घरात हराम शिजत नाही!" मिरकरवाड्यात तर रोजच्या ताटात मासळी. मग निदानावरच शंका येते आणि उपचार लांबतो.

जंत आतड्यात वाढतो तो डुकराचे अर्धकच्चे मांस खाणाऱ्याच्या. डोळ्यातली गाठ मात्र जंताच्या अंड्यांमुळे होते. ती अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, कच्ची कोथिंबीर, गाजर किंवा दूषित पाणी यांतून कोणाच्याही पोटात जातात. तिथून अळी रक्तावाटे मेंदूत, डोळ्यात पोहोचते. न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यू समाजातही डुक्कर वर्ज्य आहे. तरी तिथल्या ४ जणांच्या मेंदूत हाच आजार आढळल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. मासळीतून मात्र हा आजार होत नाही.

लक्षणे अशी : एकच डोळा पुढे येणे, पापणी झुकणे, लाली-सूज येत-जात राहणे, डोळा एका बाजूला नीट न वळणे, एकाचे दोन दिसणे. मुलाला बसवून, मागे उभे राहून कपाळावरून खाली पाहा; पुढे आलेला डोळा लक्षात येतो. जुना फोटोही शेजारी धरा. नजर उतरवण्यात दिवस घालवू नका. ताप, जोराचे दुखणे किंवा बाहुलीत पांढरी चमक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती दुसऱ्या गंभीर आजारांचीही खूण असते.

सोनोग्राफीत पाण्याच्या फुग्यासारखी गाठ आणि आत अळीच्या डोक्याचा चमकता ठिपका दिसला की निदान जवळजवळ पक्के होते. गरजेप्रमाणे सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी आजार नाही असे ठरत नाही. मुलाला कधी फिट आली असेल तर जरूर सांगा. मेंदूतही गाठ असू शकते.

जंताची गोळी मनाने देऊ नका. अळी मरताना सूज वाढते, नजरेलाही धोका होतो. म्हणून ती गोळी बहुधा स्टेरॉइडच्या जोडीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

मुलाबरोबर घरातल्या सर्वांची, स्वयंपाकाला मदत करणाऱ्यांचीही, शौचाची तपासणी करून घ्या. दोष कोणाचाच नाही. जंत सापडला तर औषधाने जातो. आणि कोथिंबीर चिरण्याआधी वाहत्या पाण्यात नीट धुवा.